परवडलं म्हणून

हॅरोतल्या दोन खोल्यांच्या भाड्यात
केटरिंगला अख्खं घर मिळतं, म्हणाला श्रीरंग,
आणि आम्ही आलो.
एवढीच आमच्या स्थलांतराची गोष्ट.
युद्ध नाही, छळ नाही, फुटकी होडी नाही;
एक्सेलमधल्या एका हिरव्या रकान्याने
आम्हाला इथे आणून सोडलं.

अख्खं म्हणजे अर्धं.
जुळं घर. मधली भिंत सामाईक.
आमच्या बाजूला देवांची फळी,
पलीकडे टीव्ही, आणि टीव्हीसमोर केनेथ,
वय एक्क्याऐंशी,
बुटांच्या कारखान्यात तळ कापण्यात हयात गेलेला.
त्या कारखान्याचे आता फ्लॅट झालेत.
'छान आहेत,' तो म्हणतो, 'मला परवडायचे नाहीत.'

पहिल्याच आठवड्यात बेकरीतली बाई
सुटे पैसे तळहातावर ठेवत म्हणाली, 'मी डक.'
घरी येईपर्यंत डोक्यात तेच:
मी म्हणजे मी,
डक म्हणजे बदक,
ही बाई स्वतःला बदक का म्हणवते?
मग पोस्टातला म्हणाला, बसवाला म्हणाला,
गॅसचं मीटर बघायला आलेला पोरगाही म्हणाला.
शेवटी रेवाने शाळेतून अर्थ आणला:
अगं आई, ते लाडाने म्हणतात.
गावभर लोक लाडाने हाक मारतायत
आणि मी कर्ता-क्रियापद शोधतेय.

बघण्यासारखं इथे तसं काही नाही.
पाहुणे आले की पंचाईत.
चर्चचा सुळका दोनदा दाखवून होतो,
आणि रविवारी चारनंतर हाय स्ट्रीट
घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा.
लंडन किती लांब, मावसदीर विचारतात.
तासभर, म्हणतो श्रीरंग.
तो तास त्याच्या डोळ्यांखाली दिसतो.
रेल्वेच्या पासाचा आकडा आम्ही मोठ्याने बोलत नाही,
घरात एखाद्या आजाराचं नाव घेत नाहीत तसं.
घर स्वस्त पडलं; वाचलेले पैसे
तो रोज सकाळी नेऊन रुळांवर ठेवतो.

रात्री केनेथचा खोकला
माझ्या उशीपासून नऊ इंचांवर.
आधी मी कानांवर पांघरूण ओढायची.
पुढे मोजायला लागले:
दोन तोकडे, एक लांब, मग दिव्याची कळ.

फेब्रुवारीत एका मंगळवारी
खोकला आलाच नाही.
खालच्या मजल्यावरचा फ्रिज ऐकू आला.
बुधवारीही नाही.
गुरुवारी उजाडताच नाइटीवर कोट चढवला,
पायात श्रीरंगच्या चपला,
आणि दार वाजवलं.

बऱ्याच वेळाने उघडलं त्याने.
नवं औषध लागू पडलंय, म्हणाला.
मला राग आला. खरंच आला.
तोंडाकडे बघत राहिला माझ्या,
मग म्हणाला, 'आत ये, मी डक.'

चहात दूध न विचारता घातलं.
'मागच्या महिन्यात,' तो कपाशी बोलल्यासारखा बोलला,
'चार दिवस तुझं ते यंत्र वाजलं नाही.
सव्वासहाला भिंत गुरगुरते ना, ते.
गेटपर्यंत आलो होतो. दोनदा.
म्हटलं, नवे लोक. काय म्हणतील.'

बर्मिंगहॅमला लग्न होतं, मी म्हटलं.
'सांगून जात जा.'

असं मला
माझी आई गेल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं.
निघताना तोंडातून सवयीने 'येते' निघालं, मराठीतच.
त्याने मान हलवली,
जाणारी बाई 'येते' म्हणते
हे जणू ठाऊकच असल्यासारखी.

कर्ज अजून सत्तावीस वर्षं आहे.
बाथरूमच्या कोपऱ्यात बुरशी परत आलीय.
आज सकाळी चटणी केव्हाच वाटून झाली होती;
मी मिक्सर
थोडा वेळ तसाच चालू ठेवला.