मापांची वही

हाचिनोहेत घोडे होते तोवर वडील खोगिरं शिवायचे.
मग ट्रॅक्टर आले. आणि एका मार्चमध्ये, बर्फ अजून दारात,
एक जाडजूड माणूस वाकून आत आला
नि म्हणाला, कुस्तीचा पट्टा शिवाल का?
पितळी तबकडी त्यानं ओतून आणली होती,
मधे समुद्रगरुड, एक पंख जरा आखूड,
खाली कोरलेलं: ईशान्य अजिंक्यपद.
चामडं आमचं. घोड्याचंच, शेवटच्या गठ्ठ्यातलं.

कोण किती दिवस अजिंक्य होता
ते कंपनीच्या पुस्तकात आहे:
तारीख, गाव, कुठल्या डावावर पाठ टेकली,
किती मिनिटं, वर किती सेकंद.
माझ्या वहीत नुसत्या कमरा आहेत.

पहिला तोराइवा गेन्पाची. सुमोच्या तालमीतून पळालेला.
फीत लावली की श्वास रोखून पोट आत ओढायचा. एकशे एकवीस.
मी अकरा वर्षांची, फस्सकन हसले,
तोही हसला, पोट सुटलं. एकशे अठ्ठावीस.
वडिलांनी दोन्ही आकडे लिहून ठेवले.

मग तो अमेरिकन, ज्यानं पट्टा टेक्सासला नेला
आणि आठ महिने पत्ता नाही.
परत आला तेव्हा एका टिचबटणाच्या जागी
कुंपणाचा खिळा ठोकलेला.
वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

मुखवटेवाल्यानं माप देतानाही मुखवटा काढला नाही.
पण बोटांना बांगड्याचा वास.
बंदरावर कुणाचा मुलगा पहाटे बर्फ फोडतो मला ठाऊक होतं.
शहाण्णव, एवढंच लिहिलं.

नंतर एक वर्ष पुस्तकात एकच शब्द आहे: रिक्त.
ते वर्ष पट्टा आमच्या खुंटीवर होता,
आणि खाली मांजर व्यायलं.

लोक विचारतात, निकाल आधीच ठरलेला असतो ना?
असेल.
चामडं घाम पितं. ठरवून गाळलेला, न ठरवता गाळलेला,
वाळल्यावर मिठाचा डाग दोन्हींचा सारखाच.
हे मी ओल्या फडक्यानं पुसत आले आहे, चाळीस वर्षं.

नुकुई सादातोशी तीनदा अजिंक्य झाला.
एकशे सहा. एकशे तीन.
तिसऱ्या वेळी दुकान बंद झाल्यावर आला, एकटा,
कोट न काढता उभा राहिला.
मी फीत ओढली, पुन्हा ओढली, वाटलं धरायला चुकले.
चौऱ्याऐंशी.
तो म्हणाला, बटण सरकवू नका.
लोक पहिल्या रांगेतून बटणं मोजतात.

माळ्यावर खोगिराखालचा नमदा पडून होता.
त्याच्या पट्ट्या कापल्या, आतल्या बाजूनं
एकावर एक शिवल्या, कडा तासून तासून,
वरून अस्तर.
खोगीरभरती म्हणून लोक नाकं मुरडतात;
मी आयुष्यात इतकं बारीक काम केलं नव्हतं.

मोरिओकाच्या त्या रात्री मी तिसऱ्या रांगेत होते.
समोरचा पोरगा, उशिवाता, दणदणीत, बावीस वर्षांचा,
त्यानं नुकुईला उचललं
जसा काठोकाठ भरलेला हंडा उचलावा.
आणि आपटताना, सगळं सभागृह ओरडत असताना,
स्वतःचा हात खाली घातला.
नंतर स्वतः चितपट झाला. सतरा मिनिटं, चार सेकंद.
पट्टा कमरेवर बसला. अगदी बरोबर बसला.

कंपनी बुडाली, पट्टा माझ्याकडे आला,
कारण बिल थकलं होतं.
परवा सेंदाईहून एक संग्राहक आला, पांढरे हातमोजे घालून.
जाडी जुळत नाही म्हणाला, आत नंतर काहीतरी भरलंय;
ते काढून मूळ रूपात दिलंत तर पूर्ण किंमत.
मी एका बाजूचे चार टाके उसवले.
नमद्याला अजून मिठाचा वास होता.
मग तेच टाके परत घातले, त्याच छिद्रांतून,
आणि म्हटलं, आधी थकलेलं बिल भरा, मग बोलू.

त्यानं बिल पाहिलं. बटणं, दोरा, मजुरी, खिळा काढण्याचे वेगळे.
नमद्याचे पैसे त्यात नाहीत.
ते मी तेव्हाही लावले नव्हते.