टॉकीजपासून डावीकडे

एसटी कळवणला पोचली तेव्हा साडेसहा झाले होते,
डेपोच्या घड्याळात सव्वाअकरा.
घर फोनवर सांगितलं होतं : टॉकीजपासून डावीकडे,
मग निंब, मग निळं गेट.
बॅग ओढत तो रस्ता मी दोनदा तुडवला.
टॉकीज कुठेच नाही.
खतांचं एक गोदाम, त्याच्या भिंतीत
तिकीटखिडकीएवढा बुजवलेला चौकोन.
'हेच की टॉकीज,' पानवाला म्हणाला,
'बंद होऊन वीस वर्षं झाली.'

सरकारी दवाखान्यात मी रक्त काढते.
माणसं मला उलट्या बाजूने भेटली,
आधी हिमोग्लोबिन, मग नाव.
सात पूर्णांक दोन म्हणजे सोजाबाई बागूल,
कांदालागवडीच्या टोळीत सगळ्यांत पुढे वाकलेली.
साडेचौदा म्हणजे रसवंतीवरचा पोरगा,
सुई दिसली की छताच्या पालीशी बोलू लागतो.
बाजारात मी नावं विसरते, आकडे नाही.

काचेवर कधी विळ्यासारख्या पेशी दिसतात.
मी भिंग पुन्हा फिरवते, उगाच,
नीट लावलं तर गोल होतील जशा.
कनाशीकडची एक मुलगी बाकावर थांबलेली असते.
'तुम्ही कुठल्या, मॅडम?'
'मी कोकणातली.'
'आम्हीपण कोकणीच,' ती हसून म्हणते.
दोघीही खरंच बोलत होतो,
आणि मध्ये अख्खा सह्याद्री.
तिची आई डब्यातली नागलीची भाकर पुढे करते.
आमच्याकडे हिला नाचणी म्हणतात, मी सांगते.
'म्हणा की,' ती म्हणते, 'खा पण.'

कांदाचाळीचा वास पहिल्या महिन्यात केसांत बसला.
दुसऱ्या महिन्यात येईनासा झाला.
गावी गेले तेव्हा बहिणीने उशीचा अभ्रा बदलला,
काही बोलली नाही.

डिसेंबरने मला नागवं पकडलं.
समुद्राकाठी स्वेटर हा फोटोसाठीचा कपडा.
मथुराबाईंनी नवऱ्याचा दिला, कोपरांवर रफू केलेला.
खिशात बाजार समितीची पावती निघाली,
कांदा चौदा क्विंटल,
खाली थरथरती सही.
परत द्यायला गेले तर म्हणाल्या,
'ऱ्हाऊ दे. खिसा रिकामा बरा नाही.'
आणि लगेच, जणू तेच वाक्य चालू आहे,
'जेवण झायं का?'

त्यांच्या विहिरीच्या मोटरचं बटण माझ्या भिंतीवर आहे.
शेतीची लाईट रात्री एकला येते.
आधी त्या दार बडवायच्या.
आता ट्यूबलाईट पापणी मारते तेवढ्यानं जाग येते,
अंधारात हात बरोबर तिथे जातो,
लांब कुठेतरी पाणी पाटात पडतं,
मी परत झोपते.

मासळीचं मात्र जमलं नाही.
गिरणेचे मरळ मिळतात कधी. आणते, करते,
ताटासमोर बसते आणि घास उगीच लांबवते.
बदलीचा अर्जही ड्रॉवरमध्ये आहे. फाडला वगैरे नाही.
'कारण' हा रकाना पहिल्या वर्षी पुरत नव्हता,
जोडपत्र लावलं होतं.
ते जोडपत्र कुठे गेलं, सापडत नाही.

काल डेपोपाशी एक मुलगा उतरला,
बँकेत लागलेला, लातूरकडचा असावा बोलण्यावरून,
पाठीवर गादीची वळकटी.
निंबाजवळची खोली कुठे, विचारत होता.
मी चालता चालताच सांगितलं,
'टॉकीजपासून डावीकडे.'
तो निघाला.
दहा पावलांवर माझ्या लक्षात आलं.
वळून हाक मारणार होते.
नाही मारली.
सापडेल त्याला,
दोन फेऱ्या लागतात.