म्यान

बँकेतून सुटल्यावर आरी हातात घेतली.
पहिली पिशवी वाकडी;
तिच्यात अजून खिळे असतात.

लवू मयेकराने टेबलावर कोयता ठेवला:
"ह्याका घर करा, कमरेक लागता."
दोन सुया, मेणाचा दोरा,
दर टाक्याला एक शिवी.

चार वर्षं माडावर चढलं, उतरलं ते.
श्रावणात बुरशी, मग खोबरेल,
शेवटी त्याच्याच कमरेच्या वळणाचं झालं.

परवा परत आणलं. गुडघा गेलाय.
"ह्याच्यात चष्मो ऱ्हवात असां करा."

उसवलं, दुमडलं.
जुनी भोकं बुजत नाहीत,
त्यांच्या शेजारून नवी शिवण घातली.

पैसे नको म्हटलं
तर दोन शहाळी ठेवून गेला ओट्यावर.

फोडायला माझ्याकडे
चामडं कापायची रापी तेवढी.