लिंटेलपर्यंत

बोरीच्या चढावर
लिंटेलपर्यंत येऊन थांबलेलं घर
मी विकत घेते आहे.
उघडा चिरा, सात पावसाळे पिऊन काळवंडलेला,
स्वयंपाकघर ठरवलेल्या जागी
कमरेएवढं रान.
स्लॅब नाही. म्हणजे आभाळ फुकट,
कायतान फोनवर म्हणाला.
तो स्विंडनला असतो, घर विकतो व्हॉट्सअ‍ॅपवर.

बँकेला कागद हवा:
पुरं झाल्यावर हे घर किती वीज खाईल
त्याचा दाखला, ताऱ्यांसकट.
बाळ पोटात, आणि पत्रिका आधी.

मिथिला फळदेसाई आली.
हेल्मेट न काढताच टेप लावू लागली.
"छप्पर?"
कौलं घालावीत असा विचार आहे.
"विचार लिहिता येत नाही, मॅडम."
"काच एकेरी की दुहेरी?"
मी भोकांकडे पाहिलं.
पश्चिमेच्या दोन भोकांत जुवारी होती,
आणि एक रिकामी बार्ज, घाई नसलेली.
"ह्यातलं एक बुजवा, तारा वाढेल.
चार वाजताचं ऊन थेट आत येतं.
एसीला परवडणार नाही."
एसी कोण लावणार होतं?
पण अर्जात तो आधीच लावलेला होता.
आवारातल्या फणसाला मात्र रकाना नव्हता.

रात्री कायतानला सांगितलं.
तो पुष्कळ वेळ हसला.
"माझ्या इथल्या घराला डी मिळालाय, बाय.
इथं ऊब पळू नये म्हणून
भिंतीच्या पोटात लोकर कोंबतात.
आणि तिथं ऊन शिरू नये म्हणून तुला माझी खिडकी बुजवायला सांगतात!"
मग जरा थांबून,
"कुठली म्हणाली? डावीकडली?
तिच्यावरून लिंडाशी माझं भांडण झालं होतं.
तिला तिथं फ्रीज हवा होता."
पुढं काही बोलला नाही.
मीही भाव पाडायला फोन केला होता,
ते राहूनच गेलं.

आज चार वाजता
शाणू गवंडी थापी घेऊन उभा आहे.
"खंयची, बाय?"
थांब म्हटलं.
ऊन मानेवर आलं आहे, खरंच येतं,
ती पोरगी खोटं बोलली नव्हती.
दवाखान्यात एकवीस वर्षं मी गोळ्या मोजल्या,
हात मोजल्याशिवाय राहत नाहीत.
बार्ज पहिल्या भोकातून गेली,
मधल्या चिऱ्यामागे नाहीशी झाली.
दुसऱ्यात उगवायला
किती आकडे लागतात,
मोजते आहे.