झाकण सैल ठेवायचं

कोबी घाटावरचा, टेम्पोतून आलेला,
मीठ मात्र इथलं, शिरोड्याच्या मिठागरातलं,
जाडं, करडं, बोटांच्या चिरांत झोंबणारं.
पानन्‌पान उघडून मी ते चोळते
आणि दुपारभर कोबी परातीत पडून राहतो,
आधी पाणी सोडतो, मग हट्ट.

इनास बुसानहून परतला तेव्हा
पहिले चार दिवस सुंगटांची कढी, तिसऱ्यांचं सुकं
बोटं चाटून जेवला.
पाचव्या दिवशी ताटाकडे बघत म्हणाला,
"कायतरी कमी पडता गो."
नऊ वर्षं बोटीवर
त्याला ह्याच कढीची स्वप्नं पडत होती.
आता कढी समोर होती
आणि स्वप्न भलत्याच गावाला गेलं होतं.

मग त्यानं मला किमची शिकवली.
म्हणजे खुर्चीत बसून सांगितली.
तिथली ती लाल पूड नाही, तर बेडगी, बिया झटकून.
तिथलं नासपती नाही, तर काजूचं बोंड किसलं,
घसा धरेल म्हणून एकच.
माशाचं ते काळं पाणी?
खाऱ्या बांगड्यांच्या मडक्यात तळाशी होतंच.
तांदळाच्या पिठाची खळ शिजव म्हणाला.
म्हटलं, खळ कशाला, सकाळची पेज आहे की.
तो हसला.
नंतर बराच वेळ गप्प बसला.
बोटीवर पेज कोण शिजवायचं, मी विचारलं नाही.

"झाकण घट्ट लावू नको" हे मात्र चारदा सांगितलं.
मी लावलं. हाताला लोणच्याची सवय.
तिकडे म्हणे बरणी थंडीत पुरून ठेवतात महिनामहिना.
आमच्या चैत्रात दोन रात्री पुरल्या.
तिसऱ्या पहाटे झाकण उडालं,
भिंतीवर लाल शिंतोडे,
आणि इनास ताडकन उठून
अंधारात इंजिनरूमचा जिना शोधू लागला.

शेजारची शेवंती आरोंदेकर वईपाशी आली, नाकाला पदर.
"गो, तुमच्या घरात कायतरी कुसलासा वाटता."
तिच्या अंगणात तेव्हा
दोन खाटा भरून मोरी वाळत होती.

टोस्टर आमचा जुना, दोन दांड्यांचा, गॅसवर धरायचा.
पावाला बाहेरून लोणी, आत चीज किसून,
मधे तो कोबी, घट्ट पिळलेला,
नाहीतर पाव भिजून लोळागोळा.
वर चिमूटभर भाजलेला जवळा.
हे माझं. ह्यात त्याला विचारलं नाही.
कडी अडकवायची, शंभर आकडे मोजायचे,
उलटायचं, पुन्हा शंभर.
साठाच्या आसपास चरचर खाली बसते,
सत्तरीत चीज कडेनं बाहेर येऊन जळतं,
त्या जळक्या जाळीवरून आमच्याकडे भांडणं होतात.

पहिला घास खाऊन तो म्हणाला, "तसा नाय."
दुसरा खाऊन काहीच म्हणाला नाही.
मग माझ्या बशीतला त्रिकोण उचलला.

पावसाच्या आधी तो गेला.
बॅगेत कोकमं, तिरफळं, जवळ्याची पुडी.
आता फोन करतो तेव्हा वाऱ्यानं अर्धे शब्द गळतात.
"आज काय केलंस?"
सुंगटांची कढी, मी सांगते.
तो तिकडे लांब श्वास घेतो,
जसा काही वास येतोय.

त्र्याण्णव, चौऱ्याण्णव.
एका हातात फोन, दुसऱ्यात दांडी, काळी, तापलेली.
शेवंती पायरीवर बशी घेऊन बसलेली,
बरणीतून अधूनमधून एखादा बुडबुडा वर येतो, फुटतो.
फोन ठेवल्यावर ती म्हणते,
"माका जवळो वायच जास्त घाल हां."