कोरी बाजू वर

कॅनडा कॉर्नरला दुसऱ्या मजल्यावर
एकोणीस वर्षं मी लोकांचं उत्पन्न टाइप करतो.
साहेब सही करतात, मी रकाने भरतो.
कुणाचं घरभाडं, कुणाच्या ठेवीवरचं व्याज,
कुणी ट्रस्टला किती दिले आणि पावती कितीची आणली,
हे सगळं मला ठाऊक असतं
आणि जिना उतरताना ठाऊक नसतं.

जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांची फाइल हिरवी.
ती माझ्याच कपाटात.

गायधनी म्हणून कुणी आहेत,
पाटबंधारे खात्यातले निवृत्त आरेखक.
त्यांनी साध्या कागदावर अर्ज केला,
दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प,
अक्षर नकाशावर धरणाचं नाव लिहावं तसं:
अध्यक्षांची पाच वर्षांची विवरणपत्रं पाहायला मिळावीत.
माहिती अधिकाऱ्याने लिहिलं, वैयक्तिक.
अपिलात लिहिलं, वैयक्तिक.
आयोगाने लिहिलं, द्या.
मग अध्यक्ष हायकोर्टात गेले, स्थगिती आली.
तेव्हापासून तारखा मुंबईत पडतात
आणि कागद नाशकात जमतात.

अध्यक्षांचे वकील म्हणाले,
विवरणपत्र म्हणजे माणसाचं अंतर्वस्त्र.
समोरचे म्हणाले, असेल;
पण वाळत घालायला गावाची दोरी वापरलीत ना?
न्यायमूर्ती हसले म्हणे.
हसून पुढची तारीख दिली.
आणि त्या पुढच्या तारखेला आदेश:
बंद लिफाफ्यात सादर करा.
आधी न्यायालय पाहील.

काय आहे त्यात, ते मी सांगणार नाही.
एवढंच,
की ज्या वर्षी गारा पडल्या,
दिंडोरीपासून पिंपळगावपर्यंत
वेलींवर नुसते देठ राहिले,
त्या वर्षीच्या कागदावर एक रकाना आहे,
शेतीचं उत्पन्न, करमुक्त,
आणि तो भरताना मी शून्यं दोनदा मोजली होती.
साहेबांना विचारलं.
साहेब म्हणाले, त्यांच्या बागेवर नसतील पडल्या.
मीही म्हटलं, नसतील.

ऑफिसचं मशीन नेमकं बंद,
म्हणून हिरवी फाइल काखेत मारून
सीबीएसजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो.
माझ्या मागे एक म्हातारे, सुती पिशवी,
पिशवीतून डोकावणारा तोच खटला क्रमांक.
पोरगा म्हणाला, काका, तुम्ही दोघं एकत्र का?
आम्ही दोघंही नाही म्हणालो.
मला ते कळले. त्यांना मी कळलो नाही.

पानं उलटत गेली, हिरवा उजेड सरकत गेला,
पैसे दिले, सुटे घेतले, पायऱ्या उतरलो,
रिक्षाला हात केला
आणि आठवलं.
गारांच्या वर्षाचं पान मशीनच्या झाकणाखाली राहिलं होतं.
विसरलो की ठेवलं,
हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही.
रिक्षावाला म्हणाला, बसताय का?
मी उभाच राहिलो,
एक माणूस दोन ओळी वाचेल इतका वेळ.
त्याहून थोडा जास्तच.

वर गेलो तर गायधनी दारातच.
हातात माझा कागद, कोरी बाजू वर.
म्हणाले, तुमचा राहिला होता.
शिक्का दिसला तसा उलटा केला, वाचलेला नाही.
मी काही बोलेना, तसे म्हणाले,
मला हेच हवंय बहुतेक.
पण असं नको.
आणि चष्मा पुसत पोराला म्हणाले,
माझी तीन पानं, दोन्हीकडून काढ,
कागद वाचेल.

संध्याकाळी लिफाफा भरला. लाख वितळवली.
वर पानांची संख्या लिहावी लागते.
मी पुन्हा पहिल्यापासून मोजली:
बासष्ट.
त्यात ते धरून.