होडीचं चाक

वेंगुर्ल्याच्या मिंगेलनं नोटा दोनदा मोजल्या,
मग होडीच्या पोटावर थाप मारली
म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.
"चौदा फूट. भोक नाय खंय.
गाडो तेवढो गंजलो हा, तो फुकट."

आंबोलीच्या वळणांवर आरशात तीच दिसायची,
नाक वर करून,
मागच्या एसटीला वाट न देणारी.

वडगावात आमच्या गल्लीत ती शिरली
तेव्हा दोन्ही अंगांना वीतभर जागा उरली.
माग थांबले. माणसं दारात.
"कुठला समुद्र ओ तवनाप्पा?"
"मासं धरत न्हाई, खात न्हाई, मग होडी कशाला की?"

एकतीस वर्षं उद्यमबागेत लेथवर
पंपांचे शाफ्ट कातले मी.
ते कुठल्या कुठल्या विहिरींत उतरले,
मी मात्र कोरडाच.
हे काही मी त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, स्वस्तात मिळाली.

तिसऱ्या दिवशी बसलिंगनं बातमी आणली:
हिडकलला कुणाची तरी होडी
चार दगडांवर अलगद उतरवून ठेवली,
आणि गाडा पळवला.
होडीला ओरखडा नाही.
"चोर बी कसला सभ्य बघा,"
असं म्हणून तो चहा प्याला आणि गेला.
माझी झोप घेऊन गेला.

रात्री अकराला उठून
गाड्याचं डावं चाक काढलं,
खाटेखाली सरकवलं.
जिनमती कुशीवर वळली. "आता इंजनबी आत आणा,
मी बाहीर झोपते."

मग साखळी आली, विजेच्या खांबाला.
मग कुलूप. बाजारातलं नको म्हणून
जुन्या शेठजींच्या लेथवर बसून
स्वतः कातलं, हुकाच्या मापाचं,
करवत आत जाणार नाही असं.
आणि शेवटी, पाठीवर झोपून,
आसाच्या खालच्या अंगाला
हातोडीनं दोन आकडे ठोकले: ४ आणि ७.
माझा तपासणीचा ठसा.
फौंड्री बंद पडली तेव्हा
हिशोबात कुणी परत मागितला नव्हता.

पहिल्याच रविवारी, हिडकलच्या अलीकडे,
रस्त्याकडेला, टेम्पोपासून गाडा सोडवायचा
तर किल्ली वडगावात. खुंटीवर.
घाम गाळत मी माझंच कुलूप कापत होतो
(करवत खरंच आत जात नव्हती)
तेवढ्यात बुलेट थांबली.
"यार्दु री होडी?"
"नम्दं री."
"मग कापताय कशाला?"

कागद मिंगेलच्या नावावर,
टेम्पो मेव्हण्याचा,
माझ्याकडे नुसता चेहरा,
आणि तोही त्या क्षणी चोराचाच.
मी म्हणालो, खाली बघा, आसाखाली.
हवालदार मडिवाळर यांनी टोपी काढून
माझ्या हातात दिली,
खडीवर आडवे झाले, मोबाईलचा उजेड पाडला.
बराच वेळ फक्त त्यांचे बूट दिसत होते.
"सत्तेचाळीस," आतून आवाज आला.
"काय आकडा हा?"
मी म्हणालो, मी.

उठले, पाठीची खडी झटकली,
आणि करवतीचं दुसरं टोक धरलं.
दोघांना वीस मिनिटं लागली.
"कुलूप छान केलंय री," जाताना म्हणाले,
"आता असलं एक आमच्या स्टेशनला करा."

संध्याकाळी पाणी.
होडी गाड्यावरून सुटली तेव्हा
वजन कुठे गेलं कळलंच नाही.
शाफ्ट इतक्या वर्षांपूर्वी काय पाहून गेले
ते थोडंसं मलाही दिसलं: हिरवं, गार,
खाली काही तरी आहे असं वाटणारं.

जिनमती पुढे बसली होती, काठ घट्ट धरून.
मधोमध आल्यावर हळूच म्हणाली,
"मागं काय बघताय सारखं?
गाडा हाय तिथंच हाय."
मला माहीत होतं.
त्याचं डावं चाक
आमच्या दोघांच्या मध्ये, होडीत,
तिसऱ्या माणसासारखं बसलं होतं.